विलंबाचा भार कोणी वाहायचा? संस्थांतील अत्याचार, भरपाई आणि आयर्लंडचा अनुभव

१. ताबा आणि तक्रार

अनाथाश्रम, सुधारगृह, वसतिगृह, मनोरुग्णालय, निराधार स्त्रियांचे आधारगृह अशा ठिकाणी राहणारी व्यक्ती संस्थेच्या ताब्यात असते. तिचे जेवण, झोप, शिक्षण, औषधपाणी, घरून आलेली पत्रे, इतकेच काय पण दाराबाहेर पाऊल टाकणेही संस्थेच्या मर्जीवर असते. अशा व्यक्तीवर संस्थेतल्याच माणसांनी केलेला शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक अत्याचार, तिची आबाळ, तिच्याकडून फुकट करून घेतलेली मजुरी आणि हे ठाऊक असूनही व्यवस्थापनाने केलेली डोळेझाक, या सर्वांचा समावेश संस्थात्मक अत्याचारात होतो.

एरवी अन्याय झाला तर मूल पालकाकडे, मोठा माणूस पोलिसांकडे किंवा न्यायालयाकडे धाव घेतो. येथे कुंपणच शेत खात असते. पालक म्हणून नेमलेली संस्था आरोपीच्या जागी असते आणि मुलाला तिच्या हवाली करणारे न्यायालय, तिला अनुदान देणारे सरकार तिच्या पाठीशी असते. हजेरीपट, शिक्षेची वही, दवाखान्यातल्या नोंदी संस्थेच्याच कपाटात असतात. साक्षीदार म्हणजे बरोबरची मुले, तीही तितकीच धास्तावलेली. त्यामुळे उलटणारे प्रत्येक वर्ष संस्थेच्या पथ्यावर पडते. कागद गहाळ होतात, आरोपी मरण पावतात, इमारती विकल्या जातात आणि तक्रारदार म्हातारे होतात.

अशा प्रकरणी दाद मागण्याचे चार भाग मानले जातात: घडलेले अधिकृतपणे नोंदवले जाणे, जबाबदारी निश्चित होणे, पैशाच्या व सेवांच्या रूपाने भरपाई मिळणे आणि पुन्हा तसे घडू नये अशी व्यवस्था उभी राहणे. चारही भागांना वेळेचे बंधन आहे. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांनी मिळणारी भरपाई बहुधा त्याच्या वारसांच्या हाती पडते. म्हणून कोणत्याही योजनेला एक प्रश्न विचारावा लागतो: मधल्या वर्षांचा भार तिने कोणाच्या अंगावर टाकला? या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आयर्लंडइतके तपशीलवार उदाहरण क्वचितच सापडते. सुमारे पन्नास लाख वस्तीच्या या देशात १९९९ पासून निरनिराळ्या पंतप्रधानांनी अत्याचारग्रस्तांची जाहीर माफी मागितली, अनेक चौकश्या झाल्या, एकामागून एक भरपाई योजना आल्या आणि प्रत्येक योजनेने विलंबाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला किंवा चिघळवला.

२. औद्योगिक शाळा

ब्रिटिश अमलात १८६८ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये औद्योगिक शाळा सुरू झाल्या. नाव शाळेचे असले तरी त्या निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी संस्था होत्या. १८६८ ते १९६९ या काळात सुमारे १,०५,००० मुले तेथे पाठवली गेली. बहुतेकांनी काही गुन्हा केलेला नव्हता. गरिबी, आई किंवा वडिलांचे निधन, लग्नाविना झालेला जन्म, शाळेतली गैरहजेरी, एवढे कारण न्यायालयाला पुरत असे. १९२२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावरही व्यवस्था तशीच राहिली. शाळा कॅथलिक धर्मसंघांच्या, तपासणी शिक्षण खात्याची आणि अनुदान दर मुलामागे ठरावीक. दरडोई अनुदानामुळे खाटा भरलेल्या ठेवण्यात संस्थेचा फायदा होता आणि मुलाला लवकर घरी पाठवण्यात तोटा.

आतला दिनक्रम कसा होता, हे डब्लिनमधल्या गोल्डनब्रिज येथील मुलींच्या शाळेवरून कळते. शाळा सुटल्यावर मुलींना जपमाळा करण्याच्या कामाला बसवले जाई. मणी तारेत ओवायचा, पकडीने तार वळवून कडी करायची, पुढचा मणी घ्यायचा. दहा मण्यांचा एक संच, आणि दिवसाला असे ६० संच प्रत्येक मुलीने पुरे करायचे. म्हणजे रोज ६०० मणी. तारेने बोटे कापत आणि संच कमी भरले की मार बसे. जपमाळांचे पैसे संस्थेला मिळत. हा तपशील पुढे सरकारी चौकशीच्या अहवालात नोंदला गेला, तोवर त्या मुली पन्नाशी-साठीच्या झाल्या होत्या.

या शाळांबद्दल त्या काळी कोणी बोललेच नाही, असे म्हणता येत नाही. अमेरिकेत ‘बॉइज टाउन’ ही मुलांची संस्था उभारणारे, मूळचे आयरिश धर्मगुरू फादर फ्लॅनगन यांनी १९४६ मध्ये मायदेशी येऊन या शाळांतल्या शिक्षांवर जाहीर टीका केली. न्यायमंत्र्यांनी संसदेत ती झटकून टाकली. पीटर टिरेल हा लेटरफ्रॅक येथील शाळेत वाढलेला माणूस इंग्लंडमध्ये शिंपीकाम करून राहत होता. त्याने आपली हकिगत लिहून काढली आणि एका आयरिश सिनेटरला पाठवली. १९६७ मध्ये त्याने लंडनमध्ये आत्मदहन केले. हस्तलिखित सिनेटरच्या कागदपत्रांत सापडले आणि २००६ मध्ये छापले गेले. या शाळांची पाहणी करणाऱ्या न्यायाधीश आयलीन केनेडी यांच्या समितीने डेंगन येथील सुधारगृहाला भेट दिली, तेव्हा मुलांना विवस्त्र करून चामडी पट्ट्याने मारले जाते, हे तिथल्या प्रमुखाने समितीपुढे मान्य केले होते. समितीच्या १९७० च्या अहवालाने जुनी व्यवस्था मोडीत काढण्याची शिफारस केली, पण हा कबुलीजबाब त्यात छापला नाही. याचा अर्थ माहिती वेळेवर मिळाली होती आणि विलंब ती मिळाल्यानंतर सुरू झाला.

३. मौन आणि मुदतीचा कायदा

लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल बोलायला माणसाला फार वेळ लागतो. ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात काम केलेल्या शाही आयोगाने आठ हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे खासगी बैठकींत ऐकले. लैंगिक अत्याचार पहिल्यांदा कोणाला तरी सांगायला या लोकांना सरासरी २३.९ वर्षे लागली होती. लाज, भीती, कोणी विश्वास ठेवणार नाही ही खात्री, अत्याचारी माणसाची समाजातली प्रतिष्ठा, यांपैकी प्रत्येक कारण ओठ शिवून टाकायला पुरेसे असते. संस्थेत वाढलेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. शिक्षण अर्धवट राहिल्यामुळे अर्ज लिहिणे, वकील गाठणे, कचेरीत बोलणे हेच त्याला जड जाते.

दिवाणी कायद्याची मुदत मात्र सज्ञान झाल्यापासून मोजक्या वर्षांत संपते. मुदतीच्या नियमामागचा हेतू रास्त आहे. पुरावा ताजा असताना वाद मिटावा आणि प्रतिवादीवर टांगती तलवार कायम राहू नये, हा तो हेतू. पण बोलण्याची ताकदच ज्याने हिरावून घेतली, त्याला हा नियम ढाल म्हणून मिळतो. आयर्लंडने २००० मध्ये कायदा दुरुस्त करून, मानसिक आघातामुळे दावा करू न शकलेल्यांना सवलत दिली. ती फक्त लैंगिक अत्याचारापुरती होती. उपाशी ठेवलेली, मारहाणीत हाडे मोडलेली किंवा राबवून घेतलेली मुले त्या सवलतीबाहेर राहिली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१५ मध्ये आणि स्कॉटलंडने २०१७ च्या कायद्याने बालपणीच्या अत्याचाराच्या दाव्यांवरची मुदत उठवली. न्याय्य सुनावणी अशक्य झाली असेल तर ती थांबवण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे राहतो. म्हणजे कालहरणामुळे बाधा आली, हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रतिवादीवर गेली.

४. माफीपासून अहवालापर्यंत

फेब्रुवारी १९९६ मध्ये गोल्डनब्रिजवरचा माहितीपट आयरिश दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. १९९९ मध्ये पत्रकार मेरी रॅफ्टरी यांची ‘स्टेट्स ऑफ फिअर’ ही तीन भागांची मालिका आली. तिने सरकारी कागदपत्रांच्या आधारे शिक्षण खात्याची जबाबदारीही चव्हाट्यावर आणली. मालिका संपत असतानाच, ११ मे १९९९ रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राज्यसंस्थेच्या वतीने माफी मागितली आणि चौकशी आयोग जाहीर केला.

आयोगाचा कायदा २००० मध्ये झाला आणि अहवाल यायला २००९ साल उजाडले. नऊ वर्षे लागण्याची कारणे बोलकी आहेत. आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांनी २००३ मध्ये राजीनामा दिला. सरकारकडून, विशेषतः शिक्षण खात्याकडून, पुरेसे सहकार्य मिळत नसल्याची त्यांची तक्रार होती. ज्या खात्याच्या कारभाराची चौकशी, तेच खाते आयोगाला पैसा आणि कागद पुरवणारे, अशी ही रचना होती. ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाने आरोपींची नावे छापण्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि अखेर अहवालात टोपणनावे वापरायचे ठरले. न्यायमूर्ती शॉन रायन यांनी २० मे २००९ रोजी प्रसिद्ध केलेल्या पाच खंडांच्या अहवालात १,०९० स्त्रीपुरुषांच्या गोपनीय साक्षींचा गोषवारा आहे. त्यांनी २१६ शाळा व निवासी संस्थांतले अत्याचार सांगितले आणि ८०० हून अधिक अत्याचारी व्यक्तींची ओळख दिली. मुलग्यांच्या शाळांत लैंगिक अत्याचार सर्रास चालत आणि शिक्षण खात्याची तपासणी कुचकामी होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. खटल्यांच्या दृष्टीने मात्र अहवालाचा उपयोग थोडा झाला, कारण बरेच आरोपी तोवर मरण पावले होते किंवा खटला चालवण्यापलीकडे गेले होते.

५. गुणांवर मोजलेली भरपाई

अहवालाची वाट न पाहता २००२ मध्येच निवासी संस्था भरपाई कायदा झाला, ही आयर्लंडची जमेची बाजू. भरपाई मंडळापुढे अर्जदाराला चार गोष्टी सिद्ध कराव्या लागत: आपण लहानपणी यादीतल्या संस्थेत होतो, आपली ओळख काय, आपल्यावर अत्याचार झाला आणि त्यातून इजा झाली. कोणी दोषी आहे असे ठरवण्याची गरज नव्हती, त्यामुळे न्यायालयापेक्षा हा मार्ग जवळचा होता.

रक्कम ठरवण्यासाठी १०० गुणांची पद्धत होती. अत्याचाराच्या तीव्रतेला २५ पर्यंत, वैद्यकीय पुराव्याने सिद्ध झालेल्या शारीरिक वा मानसिक आजाराला ३० पर्यंत, मानसिक-सामाजिक परिणामांना ३० पर्यंत आणि हुकलेल्या संधींना १५ पर्यंत गुण. २५ पेक्षा कमी गुण पडले तर ५०,००० युरोपर्यंत, ७० किंवा अधिक पडले तर दोन ते तीन लाख युरोपर्यंत रक्कम मिळे. पद्धत एकसारखी आणि आधी जाहीर असल्याने मनमानीला वाव कमी होता. उलट बाजूने, बरेच गुण डॉक्टरांच्या अहवालावर अवलंबून होते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची जखम आज दाखवून देण्याचे ओझे अर्जदाराच्या माथी आले. ज्याच्यावर आरोप, त्या व्यक्तीला किंवा संस्थेला नोटीस जाई आणि मंडळाच्या परवानगीने उलटतपासणीही घेता येई.

मंडळाने सुमारे साडेपंधरा हजार लोकांना भरपाई दिली. सरासरी रक्कम ६२,००० युरोच्या आसपास होती. पण योजनेच्या तीन अटींनी कटुता निर्माण केली. पहिली अट मुदतीची. अर्जांची शेवटची तारीख १५ डिसेंबर २००५ होती. आयर्लंडमधून गेलेल्या हजारो माणसांचे आयुष्य इंग्लंडमधल्या बांधकामांवर आणि भाड्याच्या खोल्यांत गेले होते आणि मायदेशाशी त्यांचा संबंध तुटलेला होता. उशिरा आलेले अर्ज काही काळ अपवाद म्हणून घेतले गेले, मग सप्टेंबर २०११ नंतर तेही बंद झाले. दुसरी अट दाव्याचा हक्क सोडण्याची. रक्कम स्वीकारली की न्यायालयाचा रस्ता संपला. तिसरी अट गुप्ततेची. अर्ज व भरपाईविषयी अर्जदाराची किंवा आरोपीची ओळख पटेल अशी माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व २५,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद केली. ज्यांना लहानपणी तोंड उघडू दिले नव्हते, त्यांना उतारवयात पुन्हा गप्प बसवल्यासारखे हे झाले.

खर्चाची वाटणीही वादग्रस्त ठरली. जून २००२ मध्ये सरकारने १८ धर्मसंघांशी करार केला. रोख, जमिनी आणि समुपदेशन सेवा मिळून १२.८ कोटी युरो त्यांनी द्यायचे आणि पुढच्या सर्व दाव्यांपासून सरकारने त्यांना अभय द्यायचे. किती अर्ज येतील याचा नीट अंदाज घेण्याआधीच हा करार झाला. चौकशी आणि भरपाईचा एकूण खर्च पुढे सुमारे १५० कोटी युरोंवर गेला. २००९ च्या अहवालानंतर धर्मसंघांनी आणखी रकमा देऊ केल्या, तरी मोठा वाटा करदात्यांनीच उचलला. संस्थेचा वाटा आधी गोठवला आणि हिशेब मागाहून झाला, की विलंबाची किंमत तिसऱ्याच पक्षाच्या माथी बसते.

६. यादीबाहेर राहिलेल्या स्त्रिया

२००२ च्या कायद्याला पात्र संस्थांची यादी जोडली होती. मॅग्डलेन धुलाईघरे तिच्यात नव्हती. लग्नाविना गरोदर राहिलेल्या, औद्योगिक शाळांतून बदली झालेल्या, किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या किंवा घरच्यांना नकोशा झालेल्या मुली व स्त्रिया येथे कपडे धूत, इस्त्री करत. त्यांना मजुरी मिळत नसे. १९९३ मध्ये डब्लिनच्या हाय पार्क येथील धर्मसंघाने जमीन विकण्यासाठी दफनभूमी उकरली तेव्हा १५५ स्त्रियांचे अवशेष निघाले. शेवटचे धुलाईघर १९९६ मध्ये बंद झाले.

ही धुलाईघरे खासगी होती, राज्यसंस्थेचा त्यांच्याशी संबंध नव्हता, अशी सरकारची भूमिका होती. अत्याचारग्रस्तांच्या संघटनांनी प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे नेला आणि जून २०११ मध्ये समितीने स्वतंत्र चौकशीची शिफारस केली. त्यानंतर नेमलेल्या मार्टिन मॅकअलीस यांच्या समितीने फेब्रुवारी २०१३ मध्ये अहवाल दिला. १९२२ पासून किमान १०,०१२ स्त्रिया या धुलाईघरांत गेल्या होत्या आणि प्रवेशाचा मार्ग ज्यांच्या बाबतीत कळतो, त्यांपैकी २६.५ टक्के राज्यसंस्थेमार्फत आल्या होत्या. दोन आठवड्यांनी पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली.

न्यायमूर्ती जॉन क्वर्क यांनी आखलेल्या योजनेत अत्याचार सिद्ध करण्याची अट नव्हती. किती काळ राहिलात एवढेच पाहायचे. तीन महिने किंवा कमी राहिलेल्या स्त्रीला ११,५०० युरो, दहा वर्षे किंवा अधिक राहिलेल्या स्त्रीला एक लाख युरो. ५०,००० पर्यंत एकरकमी आणि उरलेले दर आठवड्याला. सोपी मोजणी हा वेळ वाचवण्याचा उत्तम मार्ग होता. अंमलबजावणीत मात्र तो वेळ गेला. नोव्हेंबर २०१७ मधल्या लोकपालांच्या अहवालाने दाखवले, की न्याय खात्याने राहण्याचा काळ ठरवताना धर्मसंघांच्या नोंदींना झुकते माप दिले आणि स्त्रियांच्या जबानीला कमी. शेजारच्या इमारतीत नोंद असलेल्या, पण धुलाईघरात राबलेल्या स्त्रियांना वगळण्यात आले होते. स्वतःचे व्यवहार पाहण्याची क्षमता गमावलेल्या काही वृद्धांना, त्यांच्या वतीने सही कोणी करायची हे न ठरल्यामुळे, वर्षानुवर्षे पैसे मिळाले नव्हते. पुढे योजना विस्तारली. धुलाईघरे चालवणाऱ्या चारही धर्मसंघांनी तिच्यात पैसे घातले नाहीत.

७. पूर्वतक्रारीची अट

निवासी नसलेल्या शाळांचा प्रश्न लुईस ओकीफ यांच्या खटल्याने पुढे आणला. कॉर्क परगण्यातल्या एका सरकारमान्य शाळेत १९७३ मध्ये मुख्याध्यापकाने त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. त्याला १९९८ मध्ये शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्यांनी सरकारवर दावा लावला. शिक्षकाचा पगार आम्ही देतो, पण शाळा चर्चची, हा सरकारचा बचाव २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. खटल्याचा खर्च त्यांच्याकडून वसूल होण्याची टांगती तलवार होती. या निकालाच्या बळावर सरकारी दावे यंत्रणेने तशाच इतर दावेदारांना दावे मागे घेण्यास सुचवणारी पत्रे पाठवली.

२८ जानेवारी २०१४ रोजी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल फिरवला. मुलांना अमानुष वागणुकीपासून वाचवणे ही सरकारची अंगभूत जबाबदारी असून ती खासगी व्यवस्थापनाच्या गळ्यात मारता येत नाही, हे त्याचे सार. दावा लावल्यापासून निकालाला सोळा वर्षे लागली. २०१५ मध्ये सरकारने निकालाला अनुसरून योजना काढली, पण तिच्यात एक पाचर मारून ठेवली. त्याच शिक्षकाविरुद्ध आधी कोणीतरी तक्रार केली होती आणि तिची दखल घेतली गेली नव्हती, असा पुरावा अर्जदाराने द्यायचा. तक्रार नोंदवून घेण्याची यंत्रणाच नव्हती, हा तर न्यायालयाने दाखवलेला मूळ दोष. जुलै २०१९ मध्ये स्वतंत्र मूल्यमापक, निवृत्त न्यायाधीश इअर्ला ओनील यांनी ही अट निकालाशी विसंगत ठरवली. पंतप्रधानांनी माफी मागितली आणि सुधारित योजना २०२१ मध्ये आली. जिंकलेल्या खटल्याचा लाभ इतरांपर्यंत पोचायला आणखी सात वर्षे गेली. शाळांतल्या अत्याचाराचा आवाका सप्टेंबर २०२४ मधल्या प्राथमिक चौकशीत दिसला: धर्मसंघांनी चालवलेल्या ३०८ शाळा, ८८४ आरोपी, २,३९५ तक्रारी.

८. माता-बालक गृहे आणि सहा महिन्यांची रेघ

ट्यूअम या गावी १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित मातांसाठी चाललेल्या गृहात ७९६ मुलांच्या मृत्यूच्या नोंदी आहेत, पण दफनाच्या नाहीत, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक कॅथरीन कॉरलेस यांनी मृत्यूचे दाखले एकेक करून मागवून दाखवून दिले. २०१७ मध्ये तेथील जमिनीखालच्या कप्प्यांत मानवी अवशेष सापडल्याचे अशा गृहांसाठी नेमलेल्या चौकशी आयोगाने जाहीर केले. उत्खननासाठी वेगळा कायदा २०२२ मध्ये झाला आणि काम जुलै २०२५ मध्ये सुरू झाले.

आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. १८ गृहे, सुमारे ५६,००० माता, ५७,००० मुले. त्यांपैकी सुमारे ९,००० मुले दगावली. दुसऱ्याच दिवशी सरकारने माफी मागितली. साक्ष दिलेल्या बायकांची तक्रार होती, की त्यांचे म्हणणे अहवालात वेगळ्याच रूपात आले आहे. मसुदा आधी न दाखवल्याने काही साक्षीदारांच्या कायदेशीर हक्कांचा भंग झाला, हे सरकारला त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयात मान्य करावे लागले. भरपाई योजना मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. सुमारे ३४,००० लोक पात्र ठरतील असा अंदाज होता. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गृहात राहिलेल्या मुलांना तिच्यातून वगळले आणि त्यामुळे सुमारे २४,००० लोक बाहेर राहिले. बाळाला आईपासून तोडणे हीच मूळ इजा असेल, तर पाच महिन्यांचे बाळ आणि सात महिन्यांचे बाळ यांत फरक करायला खर्चावर लगाम घालण्यापलीकडे कारण सापडत नाही.

९. इतर देशांनी काढलेले उपाय

कॅनडाने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळांबाबत २००६ मध्ये तडजोड केली. ती सप्टेंबर २००७ पासून अमलात आली. तिचे दोन स्तर होते. तेथे राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षासाठी १०,००० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी ३,००० डॉलर. लैंगिक व गंभीर शारीरिक अत्याचारासाठी वेगळी सुनावणी. ३० मे २००५ रोजी ६५ किंवा अधिक वयाच्या लोकांना ८,००० डॉलर आगाऊ देण्यात आले. त्या तारखेला हयात असलेला माणूस नंतर वारला, तरी त्याच्या वारसांचा हक्क शाबूत राहिला.

स्कॉटलंडने २०१९ मध्ये, मुख्य योजनेचा कायदा होण्यापूर्वीच, सत्तरीपुढच्या व मरणासन्न लोकांना १०,००० पौंड आगाऊ देणे सुरू केले. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय योजना १ जुलै २०१८ रोजी दहा वर्षांसाठी सुरू झाली. आयोगाने दोन लाख डॉलरची कमाल मर्यादा सुचवली होती, ती दीड लाखावर आणली गेली. तेथे संस्थेने योजनेत सामील व्हावे लागते. न झालेल्या संस्थांची नावे सरकार जाहीर करते आणि दवंडी पिटल्यासारख्या या प्रसिद्धीचा दबाव उपयोगी पडला. २०२१ पासून वृद्ध व आजारी अर्जदारांना १०,००० डॉलर आगाऊ मिळतात. न्यूझीलंडने लेक अ‍ॅलिस मनोरुग्णालयातील छळाबाबत डिसेंबर २०२४ मध्ये दोन पर्याय ठेवले: तातडीने १,५०,००० डॉलर घेणे किंवा वैयक्तिक मूल्यमापनाची वाट पाहणे. ज्याच्याकडे वेळ कमी, त्याला निवड मिळाली.

१०. भारतातील चित्र

भारतात अशी संस्थाकेंद्री भरपाई योजना नाही. दाद फौजदारी खटल्यातून मागावी लागते. मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज आधारगृहातल्या मुलांवरील अत्याचारांची तक्रार २००१ मध्ये झाली. दोन ब्रिटिश नागरिकांना मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, जुलै २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. तक्रार केली तेव्हा शाळकरी असलेली मुले तोवर तरुण झाली होती. गोव्यात मडगावच्या एका बालगृहाच्या चालकाला १९९१ मध्ये अटक आणि १९९६ मध्ये जन्मठेप झाली. राज्याने पुढे २००३ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कायदा करून बाल न्यायालय स्थापले.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, म्हणजेच पॉक्सो कायदा २०१२ मध्ये आला. दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात खटला पुरा, असे त्यात म्हटले आहे. संस्थेतल्या व्यवस्थापकाने वा कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा अधिक गंभीर ठरतो. २०२० च्या नियमांनुसार खटला चालू असतानाही अंतरिम भरपाई देता येते. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. कायद्याने घड्याळ लावून दिले आहे. ते पाळले जाते तेव्हा काय होते, हे मुझफ्फरपूरच्या आधारगृहाच्या प्रकरणात दिसले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या चमूने बिहारमधल्या आधारगृहांच्या पाहणीत तेथील अत्याचार २०१८ मध्ये उघड केले, सर्वोच्च न्यायालयाने खटला दिल्लीला हलवून सहा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले आणि जानेवारी २०२० मध्ये आरोपी दोषी ठरले. पाहणी बाहेरच्या माणसांनी केली, म्हणूनच हे उघड होऊ शकले. भारतीय व्यवस्थेची उणीव वेगळ्या जागी आहे. भरपाई सरकारी तिजोरीतून येते आणि संस्था चालवणारा न्यास बहुधा नामानिराळा राहतो. १९८० किंवा १९९० च्या दशकात संस्थांत वाढलेल्या, आज पन्नाशीत असलेल्या माणसांसाठी कोणतीही स्वतंत्र वाट नाही.

११. वेळेवर दाद मिळण्याच्या अटी

या अनुभवांतून आठ गोष्टी निष्पन्न होतात. मुदतीचा आडोसा काढावा आणि कालहरणाने सुनावणी अशक्य झाली, हे दाखवण्याची जबाबदारी प्रतिवादीवर टाकावी. पात्रतेसाठी वास्तव्याचा साधा पुरावा पुरे मानावा. नोंदी संस्थेने सांभाळायच्या होत्या, म्हणून त्या हरवल्याचा तोटा संस्थेनेच सोसावा. वृद्ध आणि आजारी लोकांना मूल्यमापनापूर्वी आगाऊ रक्कम द्यावी. अर्जदाराचा मृत्यू झाला तरी हक्क वारसांकडे जावा आणि ज्यांची क्षमता हरपली आहे, त्यांच्या सहीची व्यवस्था पहिल्याच दिवशी असावी. चौकशी ज्या खात्याची, त्याच्या हातात चौकशीचा पैसा व कागद नसावेत. संस्थेचा आर्थिक वाटा एकूण खर्चाच्या प्रमाणात ठरवावा. गुप्तता मागण्याचा हक्क अर्जदाराला असावा, ती पाळण्याची सक्ती त्याच्यावर नसावी.

नोंदींचा मुद्दा योजना संपल्यावरही उरतो. आयर्लंडमध्ये २०१९ मध्ये चौकशी आयोग व भरपाई मंडळ यांची कागदपत्रे ७५ वर्षे बंद ठेवण्याचे विधेयक आले होते. अत्याचारग्रस्त व अभ्यासकांच्या विरोधापुढे ते टिकले नाही. आपली फाइल वाचण्याचा हक्क हा भरपाईचाच भाग आहे, कारण संस्थेत वाढलेल्या अनेकांना स्वतःची जन्मतारीख, भावंडांची नावे आणि आईचा पत्ता त्या फाइलीतूनच कळतो. जिवंत संस्थांच्या बाबतीत नियमित व अनपेक्षित तपासणी, तपासणी करणाऱ्याचे संस्थेपासून स्वातंत्र्य आणि मुलाला बाहेरच्या माणसाशी एकांतात बोलण्याची खात्रीशीर सोय, या तीन गोष्टी विलंबाला मुळापाशीच अटकाव करतात. १९७० मध्ये डेंगनचा कबुलीजबाब छापला गेला असता, तर तीन दशकांनी सुरू झालेल्या चौकशीचे आणि भरपाईचे बरेचसे काम तेव्हाच, हयात माणसांसाठी, सुरू झाले असते.